उलगडून पुन्हा बांधलेलं देऊळ जुनं कसं?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "नोव्हेंबरमध्ये नारा आणि क्योतोला जातोय. होर्यूजी हे जगातलं सर्वांत जुनं लाकडी बांधकाम असं सगळीकडे वाचलं. पण नंतर कळलं की ते विसाव्या शतकात पूर्ण सुटं करून पुन्हा जोडलंय. इसेचं देऊळ दर २० वर्षांनी नवं बांधतात. सोन्याचं किंकाकुजी तर १९५५ सालचं. मग जपानमध्ये खरं जुनं काय उरलंय? ही पर्यटकांची फसवणूक नाही का?"

फसवणूक नाही. पण तुम्ही तीन वेगवेगळे मणी एका माळेत ओवलेत. मी गेली चोवीस वर्षं लाकडी इमारतींच्या जतनाचं काम करते. त्यातले काही महिने नारामध्ये शिकण्यात गेले आणि पुढेही कामानिमित्त जाणं होत राहिलं. पहिल्या खेपेला माझ्याही मनात हाच प्रश्न होता, म्हणून जरा तपशिलात उत्तर देते.

आधी एक छोटी खूण सांगते, तिकडे फिरताना उपयोगी पडेल. नावाच्या शेवटी 'जी' किंवा 'देरा' आलं की तो बौद्ध मठ. 'जिंजा', 'ताइशा', 'जिंगू' आलं की ते शिंतो देवस्थान. जुनेपणाची समजूत दोन्हीकडे सारखी नाही, आणि तुमच्या गोंधळाचं अर्धं कारण तेच आहे.

होर्यूजी हा राजपुत्र शोतोकु यांच्या काळातला, ६०७ च्या सुमाराचा मठ. तो ६७० साली जळाल्याची नोंद जुन्या राजबखरीत आहे. आज दिसतो तो पश्चिमेकडचा भाग त्यानंतरचा, सातव्या शतकाच्या अखेरचा आणि आठव्याच्या सुरुवातीचा. इथला कोंदो, म्हणजे मुख्य मूर्तींचा मंडप, आणि पाच मजली पॅगोडा या जगातल्या सर्वांत जुन्या उभ्या लाकडी इमारती. पॅगोड्याच्या मधल्या खांबाचं झाड ५९४ साली तोडलेलं, असं वर्षवलयांवरून निघालं आहे. बांधकाम त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं, तोवर ते लाकूड कुठे होतं, यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत.

या मठाची मोठी दुरुस्ती १९३४ साली सुरू झाली, आणि तिच्यात इमारती खरोखरच सुट्या केल्या. पण 'सुटी करणं' म्हणजे पाडणं नव्हे. आपल्याकडे वाडा 'उतरवला' म्हणतात तेव्हा पुढे काय होतं ते आपण पाहिलेलं असतं: चांगल्या तुळया विकल्या जातात, बाकीचं जळणाला जातं. तिकडची रीत अगदी वेगळी आहे. आधी इमारतीच्या भोवती आणि डोक्यावर दुसरी तात्पुरती इमारत उभारतात, देऊळ अख्खं पोटात घेईल एवढी. मग मापं, नकाशे, फोटो. मग प्रत्येक तुकड्याला क्रमांक. हे क्रमांक ठराविक जागी, ठराविक दिशेने लिहितात, म्हणजे पाटी वाचताच तुकडा कुठला आणि त्याचं तोंड कुणीकडे होतं ते कळतं. त्यानंतर कौलं, कौलांखालची माती, वासे, खांबांवरचे हस्त, तुळया, आणि सगळ्यात शेवटी तळखड्यावरून (खांबाखालच्या दगडावरून) उचललेले खांब.

मग दुरुस्ती. खांबाचा बुंधा कुजला असेल तर तेवढाच भाग कापून त्या जागी त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा जोडतात. त्या कामाला नेत्सुगी म्हणतात. सांधा असा कापलेला असतो की वरचं वजन त्याला आणखी घट्ट करतं. वरवरची झीज असेल तर पातळ फळी चिकटवतात, भोक पडलं असेल तर डट्टा मारतात. नव्या तुकड्याच्या झाकल्या जाणाऱ्या बाजूवर दुरुस्तीचं साल डागून ठेवतात, म्हणजे २०० वर्षांनी काम करणाऱ्याला जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे विचारत बसावं लागत नाही. सगळं झालं की दुरुस्तीचा अहवाल छापून प्रसिद्ध करतात. जाडजूड ग्रंथच असतो तो, शेकडो नकाशांसकट. मला जपानमधली सर्वांत हेवा वाटावी अशी गोष्ट कोणती असं विचारलंत तर मी देवळांचं नाव घेणार नाही, या अहवालांचं घेईन.

असं पूर्ण उलगडणं साधारण तीन-चारशे वर्षांनी एकदा येतं. मध्ये अर्धवट उलगडणं असतं, आणि छपराचं काम तर पिढीगणिक. म्हणजे, कोंदोचे आगीत करपलेले खांब सोडले (ती आग पुढे येईलच), तर होर्यूजीचे खांब नवे नाहीत, मूळ खांबच पुन्हा उभे केलेले आहेत. तुमच्या आजीची पैठणी फॉल काढून, धुऊन, रफू करून पुन्हा नेसली तर ती नवी होत नाही, तसंच हे.

उलगडणं शक्य होतं ते सांध्यांमुळे. खाचेत कुसू, त्यात पाचर, असं ते काम. मात्र 'जपानी देवळात एकही खिळा नसतो' हे जे ऐकवलं जातं ते खरं नाही. होर्यूजीत हाताने घडवलेले भलेमोठे लोखंडी खिळे आहेत. वासे आणि फळ्या त्यांनीच बसवल्या आहेत. ते लोखंड ठोकून ठोकून घडवलेलं असल्यामुळे गंज वरच्या थरावरच थांबतो आणि खिळा शतकानुशतकं टिकतो.

उलगडण्याचा आणखी एक लाभ आहे, तो बाहेरून दिसत नाही. यात बुजलेल्या खाचा, खिळ्यांची जुनी भोकं आणि झाकून राहिल्यामुळे न झिजलेले लाकडाचे पट्टे वाचता येतात. नाराच्या याकुशीजीचा पूर्व पॅगोडा २००९ ते २०२० या काळात संपूर्ण उलगडला होता. हा मठ राजधानीबरोबर जुन्या जागेवरून हलवला होता. त्यामुळे पॅगोडा तिथून सोडवून आणलेला की नव्या जागी नव्याने बांधलेला, असा वाद शंभरावर वर्षं चालला होता. उलगडल्यावर आतल्या फळ्यांची वर्षवलयं मोजली, तेव्हा झाडं ७२९-७३० च्या सुमाराला तोडलेली निघाली. जुन्या नोंदीत पॅगोड्याचं साल ७३० असंच होतं. वाद मिटला.

लाकडाबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण सगळं त्यावरच उभं आहे. या इमारती हिनोकीच्या. हा सायप्रसच्या कुळातला वृक्ष. सरळ वाढतो, तेलकट वासाचा, त्यामुळे किडीला आणि बुरशीला दाद देत नाही. होर्यूजीचे सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) यांच्या घराण्यात तोंडी चालत आलेली काही वचनं होती. झाडं विकत घेऊ नका, डोंगर विकत घ्या, हे त्यातलं एक. दुसरं असं, की झाड ज्या बाजूला तोंड करून वाढलं त्याच बाजूला तोंड करून त्याला इमारतीत लावा. डोंगराच्या दक्षिण उतारावरचं झाड दक्षिणेच्या खांबाला. ऐकायला हे गूढ वाटतं, पण ज्याने ओल्या सागाचा वासा पीळ खाताना पाहिलाय त्याला यातलं शहाणपण लगेच कळेल. एका डोंगरावरच्या झाडांचे पीळ माहीत असले की उजवा पीळ आणि डावा पीळ समोरासमोर लावून ते एकमेकांना धरून ठेवतील अशी जुळणी करता येते.

निशिओका यांनी जुन्या खांबांवरच्या हत्याराच्या खुणा वाचून भाल्याच्या पात्यासारखा एक रंधा पुन्हा घडवून घेतला. तो कित्येक शतकं कुणी वापरलेला नव्हता. आणि त्या पात्याला लोखंड वापरलं होर्यूजीच्याच जुन्या खिळ्यांचं. आजच्या रंध्याने लाकूड गुळगुळीत होतं. त्या रंध्याने पृष्ठभागावर चमच्याने काढल्यासारखे उथळ पट्टे राहतात आणि पाणी त्यावरून पटकन ओघळतं. सरकारने १९७७ मध्ये त्यांना जतनतंत्राचे धारक म्हणून मान्यता दिली. हा 'धारक' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कायदा. तो एका आगीतून आला. होर्यूजीच्या कोंदोच्या भिंतींवर बुद्ध आणि बोधिसत्त्वांची सातव्या-आठव्या शतकातली चित्रं होती. त्यातला कमळ धरलेला बोधिसत्त्व पाहिला की मराठी माणसाला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवल्याशिवाय राहत नाही, आणि ही तुलना जपानी अभ्यासकही पूर्वीपासून करत आले आहेत. चित्रकार आराई काम्पो रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये भारतात आले होते, आणि अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्यांनी चित्रांच्या प्रतिकृती केल्या. पुढे १९४० पासून कोंदोच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढण्याचं काम सुरू झालं, तेव्हा एका चमूचे प्रमुख तेच होते. फर्दापूरच्या डोंगरात सरावलेला हात जपानमध्ये त्याच परंपरेच्या दुसऱ्या टोकाला लागला. १९४५ साली ते वारले. काम अपुरंच होतं.

२६ जानेवारी १९४९ च्या पहाटे कोंदोला आग लागली. कारणाबद्दल एकमत नाही. थंडीत प्रतिकृतीकारांनी वापरलेल्या विजेच्या उशीचं नाव नेहमी घेतलं जातं. खालच्या मजल्याची चित्रं करपून गेली. वाचलं ते उलगडण्यामुळे. दुरुस्ती चालू असल्याने वरचा मजला आणि आतल्या छोट्या भिंतींवरच्या उडत्या अप्सरांची चित्रं आधीच सोडवून दुसरीकडे ठेवली होती. करपलेले खांब आणि भिंती फेकून दिल्या नाहीत. त्या मठातल्या एका वेगळ्या इमारतीत तशाच्या तशा उभ्या आहेत.

पुढच्याच वर्षी, १९५० च्या मे महिन्यात, सांस्कृतिक संपदा संरक्षण कायदा झाला. तो अमलात यायच्या आधीच, २ जुलैला, किंकाकुजी एका तरुण भिक्षूने पेटवून दिलं. कोंदोच्या आगीचा २६ जानेवारी हा आज जपानभर देवळांमधल्या अग्निशमन सरावाचा दिवस असतो.

याआधी कायदे नव्हते असं नाही. १८६८ नंतर शिंतो आणि बौद्ध यांची सक्तीने फारकत झाली, तेव्हा मठांची फार नासधूस झाली आणि मूर्ती कवडीमोलाने गेल्या. त्यातून १८९७ साली जुन्या देवळांसाठी पहिला कायदा आला. १९५० च्या कायद्याचं वेगळेपण असं, की त्याने इमारती आणि मूर्तींच्या बरोबरीने कलाकौशल्यालाही संपदा मानलं. आणि १९७५ च्या दुरुस्तीने, माझ्या मते, सर्वांत मोलाची गोष्ट केली: इमारत टिकवायला जी तंत्रं लागतात त्यांचीच यादी करून, ती जाणणाऱ्या माणसांना आणि संस्थांना 'धारक' म्हणून मान्यता आणि पैसा द्यायला सुरुवात केली. कौलं भाजणारे, लाख चढवणारे, माती लिंपणारे, गवताने छप्पर शाकारणारे. युनेस्कोने २०२० मध्ये अशा १७ तंत्रांचा एकत्र समावेश अमूर्त वारशाच्या यादीत केला.

त्यातलं एक उदाहरण सांगते, कारण मला ते अतिशय प्रिय आहे. क्योतोच्या कियोमिझुदेराचं छप्पर तुम्ही बघाल. ते कौलांचं नाही, गवताचंही नाही. हिनोकीच्या सालीचं आहे. २०२० मध्येच ते नव्याने शाकारून झालं. साल काढणारे वेगळे, छप्पर घालणारे वेगळे. साल काढणारा माणूस दोरावरून झाडावर चढतो आणि लाकडी पाचरीने साल उचकटतो. झाड तोडत नाही. झाड किमान ७०-८० वर्षांचं लागतं. पहिल्यांदा काढलेली साल फारशी चांगली नसते. ८-१० वर्षांनी पुन्हा येते ती दाट आणि चिवट, खरी कामाची. म्हणजे आज साल काढणारा माणूस मुख्यतः दहा वर्षांनंतरच्या सालीसाठी झाड तयार करत असतो. छप्पर घालणारा बांबूचे बारीक खिळे मूठभर तोंडात धरतो, जिभेने एकेक पुढे करतो आणि एका हाताने साल दाबून दुसऱ्याने ठोकतो. जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकवून पुढचा थर, असे थरावर थर. अशा छपराचं आयुष्य ३०-४० वर्षं. छपरं वाचवायची तर झाडं वाचवली पाहिजेत, म्हणून या कामासाठीची जंगलं वेगळी नोंदवून ठेवायलाही सरकारने २००६ पासून सुरुवात केली.

लाखेचंही तसंच. ही लाख म्हणजे झाडाचा चीक. जपानमध्ये वापरली जाणारी बहुतेक लाख बाहेरून येते. सरकारने २०१५ मध्ये ठरवलं की राष्ट्रीय ठेवा असलेल्या इमारतींच्या दुरुस्तीला शक्यतो देशी लाखच वापरायची. एका झाडातून सबंध हंगामात मिळते सुमारे २०० ग्रॅम. त्यासाठी झाड दहा-पंधरा वर्षं वाढवावं लागतं आणि चिरा पाडून चीक काढला की ते तोडावं लागतं. इवाते प्रांतातल्या जोबोजी भागातले लोक अजून हे काम करतात.

आता इसे. इथे मात्र सगळंच उलटं. इसेचं जिंगू ६९० सालापासून दर २० वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर नव्याने बांधतात आणि देवता जुन्या घरातून नव्या घरात जाते. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या यादवीत ही रीत शंभरावर वर्षं खंडित झाली होती, मग पुन्हा सुरू झाली. २०१३ मध्ये ६२ वी खेप झाली, पुढची २०३३ मध्ये. खांब थेट जमिनीत पुरलेले, छप्पर गवताचं. त्यामुळे तसंही ते फार टिकत नाही. २० वर्षंच का, याची नेमकी कारणमीमांसा जुन्या कागदांत नाही. सुतारकामाच्या बाजूने पाहिलं तर हिशेब चोख बसतो: विशीत हाताखाली, चाळिशीत मुख्य, साठीत देखरेखीला. जुनं लाकूड वाया जात नाही. मुख्य इमारतीचा आढा तोलणारे खांब आधी इसेच्याच उजी पुलाच्या तोरी कमानीला लागतात, आणि आणखी २० वर्षांनी दुसऱ्या गावी जातात. कोबेच्या १९९५ च्या भूकंपात नुकसान झालेल्या इकुता देवस्थानाची तोरी अशाच इसेच्या खांबांतून उभी राहिली होती.

इसेच्या मुख्य इमारतींना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा नाही, आणि इसे जागतिक वारशाच्या यादीतही नाही. इसेवाले ती इमारत जुनी आहे असं सांगतच नाहीत. बांधण्याची कृती जुनी आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हा फसवणुकीचा प्रश्नच येत नाही.

नाराच्या कासुगा ताइशाचं उदाहरण याहून मोलाचं आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तिथेही दर २० वर्षांनी पुनर्बांधणी होत असे. आजच्या चार मुख्य इमारती १८६३ च्या. पुढे त्यांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला, आणि ठेवा म्हटल्यावर त्या काढून नव्या बांधता येईनात. म्हणून आता दर २० वर्षांनी छप्पर आणि रंगकाम होतं. साठावी खेप २०१५-१६ मध्ये झाली. इमारत वाचली, पण नव्याने उभी करण्याची तिथली साखळी तुटली. हे योग्य झालं का? मला वाटतं, नाही. कायद्याने इथे झाडाचं फळ जपलं आणि मूळ सोडलं. माझे काही जपानी स्नेही नेमकं उलट मानतात. त्यांचं म्हणणं, १८६३ चं सुतारकाम डोळ्यांसमोर आहे म्हणून तर ते शिकता येतं.

असे मतभेद तिथेही खूप आहेत. १९९४ मध्ये नारात जगभरच्या तज्ज्ञांची परिषद झाली, तीही याच प्रश्नावर. दगडी इमारतींच्या अनुभवातून आलेल्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने अस्सलपणाचा भर मूळ साहित्यावर ठेवला होता. नाराच्या मसुद्याने मांडलं की अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या चौकटीत पारखावा, आणि त्यात परंपरा व तंत्र हेही धरावं. पण मूळ रूपात परत नेण्याच्या हौसेत नंतरच्या शतकांनी केलेले बदल काढून टाकणं, हा दोष जपानी दुरुस्त्यांत वारंवार दिसतो. तो मला खटकतो. उलट टोकही आहे. तोदाइजीचं आजचं महाबुद्ध मंदिर १७०९ चं, आधीचं दोनदा जळालेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या छपराचा भार पेलेना, तेव्हा आत पोलादी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे सांगाडे, घातल्या. खालून त्या दिसत नाहीत. त्या घातल्या नसत्या तर छप्पर राहिलं नसतं, तेव्हा मी त्यांना नावं ठेवणार नाही. याकुशीजीच्या नव्या कोंदोत मूर्तींच्या रक्षणासाठी काँक्रीट वापरलं, ते मात्र निशिओकांना पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, हिनोकी हजार वर्षं टिकेल, काँक्रीट तितकं नाही.

किंकाकुजीबद्दल तुम्ही बरोबर आहात. ती १९५५ ची प्रतिकृती आहे, आणि म्हणूनच त्या इमारतीला आज राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा नाही. बाग जुनी आहे, ती मनापासून बघा. जुनी इमारत बघायची तर गिंकाकुजीला जा, तिथला मंडप १४८९ चा.

नारात एक दिवस होर्यूजीला पूर्ण द्या. कळसाकडे बघण्याआधी खांबांच्या पायांकडे बघा. तळखड्याच्या वर हात-दीड हातावर आडवी बारीक रेघ दिसली की तिथे नेत्सुगी आहे. रेघेखालचं लाकूड वेगळ्या शतकातलं. दुसऱ्या दिवशी याकुशीजी. तिथे ७३० चा पूर्व पॅगोडा आणि निशिओकांच्या देखरेखीखाली १९८१ मध्ये पुरा झालेला पश्चिम पॅगोडा समोरासमोर आहेत. लाकूड वाळतं, सांधे दबतात, इमारत खाली बसते. हे धरून नवा पॅगोडा जुन्यापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर उंच ठेवलाय. दोन्हींच्या मधोमध उभे राहून छपरांच्या कडा नजरेने जुळवून बघा. अजून जुळत नाहीत.